जोडी जुळवण्याआधीची चाचणी : लॅब्रेडॉरमधील आनुवंशिक अंधत्व आणि दिल्ली परिसराचा अनुभव

कुत्र्यांच्या अनेक शुद्ध जातींत डोळ्यांचा एक आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. त्यात जन्मतः धडधाकट दिसणारे पिल्लू ऐन उमेदीच्या वयात हळूहळू आंधळे होते, त्याला कोणतीही वेदना होत नाही, आणि गेलेली नजर परत आणणारे औषध किंवा शस्त्रक्रिया पशुवैद्याच्या हाती नसते. या आजाराला उपचार नसला तरी खात्रीचा प्रतिबंध आहे, मात्र तो एकाच टप्प्यावर योजता येतो आणि तो टप्पा म्हणजे नर व मादी यांची जोडी ठरवण्यापूर्वीचा काळ. दिल्ली, नोएडा, गुरुग्राम, गाझियाबाद आणि फरीदाबाद या सलग महानगरी पट्ट्यात लॅब्रेडॉर व गोल्डन रिट्रीव्हर या जाती घरोघरी दिसतात आणि त्यांची पैदास व्यावसायिक ब्रीडरांबरोबरच सोसायट्यांतील हौशी कुटुंबेही करतात. ज्या कुटुंबांना या आजाराची झळ लागली त्यांचा अनुभव इतरांना वेळेवर उपयोगी पडावा, या हेतूने पुढील विवेचन केले आहे.

आजाराचे स्वरूप

डोळ्याच्या मागील आतल्या भिंतीवर प्रकाश टिपणारा जो पातळ पडदा असतो त्याला दृष्टिपटल म्हणतात, आणि त्यात दोन प्रकारच्या प्रकाशसंवेदी पेशी असतात: मंद उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी आणि भरपूर उजेडात रंग व बारकावे टिपणाऱ्या शंकुपेशी. प्रोग्रेसिव्ह रेटिनल ॲट्रोफी, संक्षेपाने पीआरए, या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आजारसमूहात या पेशी क्रमाक्रमाने मरत जातात. स्वीडनमध्ये १९११ साली गॉर्डन सेटर जातीच्या कुत्र्यांत या आजाराचे पहिले शास्त्रीय वर्णन झाले आणि त्यानंतर अनेक जातींत त्याची वेगवेगळी रूपे आढळत गेली. लॅब्रेडॉरमध्ये प्रामुख्याने जे रूप दिसते ते पीआरसीडी या नावाचे असून त्यात आधी दंडपेशी आणि मागाहून शंकुपेशी निकामी होतात; त्यामुळे प्रथम रातांधळेपणा येतो, मग दिवसाची नजरही क्षीण होत जाते आणि शेवटी पूर्ण अंधत्व येते. डोळ्यांतील बदल तपासणीत स्पष्ट दिसू लागतात ते बहुधा चार ते सहा वर्षांच्या वयात, म्हणजे कुत्रा पूर्ण वाढून कित्येक वर्षे झाल्यावर.

आरंभीची लक्षणे इतकी सौम्य असतात की ती स्वभावाचा भाग वाटून जातात. कुत्रा तळघरातील पार्किंगच्या उतारावर पाय टाकण्यापूर्वी थबकतो, वीज गेल्यावर जिन्याच्या पहिल्या पायरीशी उभा राहून पुढच्या पंजाने कड चाचपडतो, झाडाच्या सावलीत घरंगळलेला चेंडू नजरेने न शोधता नाकाने शोधतो; त्याच्या बाहुल्या ट्यूबलाइटच्या प्रकाशातही रुंद उघड्या राहतात, आणि टॉर्चच्या झोतात त्याचे डोळे पूर्वीपेक्षा अधिक तीव्रतेने चकाकतात. कुत्र्याच्या दृष्टिपटलामागे प्रकाश परावर्तित करणारा टॅपेटम नावाचा थर असतो, आणि त्याच्यापुढील दृष्टिपटल पातळ होत गेल्याने हा थर अधिक उघडा पडतो, हे या चकाकीचे कारण होय.

दिल्ली परिसरातील राहणीमान ही लक्षणे झाकण्यास नकळत हातभार लावते, ही बाब विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. उन्हाळ्यात डांबरी रस्ते तापत असल्यामुळे येथील कुत्री भल्या पहाटे किंवा रात्री उशिरा फिरवली जातात, परंतु मोठ्या सोसायट्यांचे आवार रात्रभर झगझगीत दिव्यांनी उजळलेले असते, आणि घरातील सामानाची जागा कुत्र्याला पाठ असल्याने तो खोल्यांतून सहज वावरतो. परिणामी रातांधळा झालेला कुत्राही आपल्या ओळखीच्या परिसरात डोळस भासतो आणि त्याची अडचण प्रथम उघड होते ती सुट्टीत परगावी नेल्यावर, नवीन घरात गेल्यावर किंवा जानेवारीतील धुक्याच्या संध्याकाळी.

वारशाचे गणित

पीआरसीडी या रूपास कारणीभूत असलेला जनुकीय दोष २००६ साली निश्चित झाला. कुत्र्याच्या नवव्या गुणसूत्रावरील पीआरसीडी याच नावाच्या जनुकात एका अक्षराचा बदल होतो, त्यामुळे अवघ्या ५४ अमिनो आम्लांच्या छोट्याशा प्रथिनातील दुसरे अमिनो आम्ल बदलते, आणि त्या एका बदलाने प्रकाशसंवेदी पेशींचे आयुष्य घटते. हाच दोष मानवी डोळ्याच्या रेटिनायटिस पिगमेंटोसा या आनुवंशिक आजाराच्या एका बांगलादेशी रुग्णातही तंतोतंत आढळला, यावरून कुत्रा आणि माणूस यांच्या दृष्टिपटलाची घडण किती जवळची आहे हे ध्यानात येते.

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून आलेली. पीआरसीडीचा दोष अप्रभावी स्वरूपाचा आहे, म्हणजे दोन्ही प्रती सदोष असल्या तरच आजार होतो. एकच प्रत सदोष असलेला कुत्रा आयुष्यभर या आजारापासून मुक्त राहतो, परंतु ती प्रत तो आपल्या सुमारे निम्म्या पिल्लांना देतो, म्हणून त्याला वाहक म्हणतात. दिल्लीतील पंजाबी व सिंधी समाजांत विवाहापूर्वी थॅलेसेमिया मायनरची तपासणी ज्या कारणासाठी सुचवली जाते, तेच कारण येथेही लागू पडते: दोन निरोगी वाहक एकत्र आले की धोका संततीला असतो.

हे गणित आकड्यांत मांडले असता फसगतीचे मूळ स्पष्ट होते. दोन वाहकांच्या जोडीपासून होणाऱ्या प्रत्येक पिल्लाला आजाराचा धोका २५ टक्के, वाहक असण्याची शक्यता ५० टक्के आणि पूर्ण निर्दोष असण्याची शक्यता २५ टक्के असते. ही टक्केवारी संपूर्ण वेताची नसून एकेका पिल्लाची स्वतंत्र शक्यता असल्यामुळे, आठ पिल्लांच्या वेतात एकही पिल्लू आजारी न निघण्याची शक्यताही सुमारे १० टक्के उरते, आणि असे एखादे वेत सुखरूप वाढल्याचे पाहून ‘आमच्या जोडीत दोष नाही’ असा निष्कर्ष काढला जातो. अशा जोडीच्या ज्या पिल्लांना आजार नाही, त्यांतील प्रत्येक पिल्लू वाहक असण्याची शक्यता दोन तृतीयांश असते. म्हणून आंधळ्या कुत्र्याचे डोळस भावंडही चाचणीवाचून पैदाशीसाठी वापरणे धोक्याचे ठरते.

दिल्ली परिसरातील अनुभव

या भागातील कुटुंबांचा अनुभव बहुधा ठरावीक क्रमाने येतो. पिल्लू घेताना पालक केनेल क्लब ऑफ इंडियाची कागदपत्रे, ज्यांना बाजारात सरसकट ‘केसीआय पेपर’ म्हणतात, आहेत की नाहीत हे आवर्जून पाहतात, लसीकरणाचे कार्ड पाहतात आणि पशुवैद्याकडून डोळे तपासून घेतात. तिन्ही गोष्टी व्यवस्थित असल्या की पिल्लू निर्दोष असल्याची त्यांची खात्री पटते. तथापि वंशावळीचा कागद पिल्लाचे पूर्वज कोण हे सांगतो, त्या पूर्वजांच्या जनुकांत काय दडले आहे हे सांगत नाही. आणि दोन महिन्यांच्या लॅब्रेडॉर पिल्लाच्या दृष्टिपटलात या आजाराची खूण दिसण्यासारखी नसल्याने पशुवैद्याने दिलेला निर्वाळा त्या दिवसापुरता खरा असूनही भविष्याविषयी काहीच सांगू शकत नाही.

पुढे कुत्रा दीड-दोन वर्षांचा झाला, देखणा निघाला, की शेजारच्या सोसायटीतून किंवा ओळखीच्या ब्रीडरकडून त्याला स्टड म्हणून मागणी येते. मादी माजावर आलेली असते, योग्य दिवस मोजकेच असतात, फोनवर फोन येतात, आणि नराच्या मालकाला पैसे किंवा वेतातील एक पिल्लू देण्याचे ठरून क्रॉसिंग उरकले जाते. या घाईत दोन्ही बाजूंकडून गोचीड, खरूज, लसीकरण यांची विचारपूस होते, परंतु जनुकीय अहवालाचा विषय निघत नाही. एकदा यशस्वी ठरलेल्या नराला पुन्हा पुन्हा बोलावणे येते, आणि तो पाच वर्षांचा होऊन त्याची नजर मंदावू लागेपर्यंत त्याची अनेक पिल्ले अनेक घरांत पोहोचलेली असतात. पैदाशीचे वय आधी आणि लक्षणांचे वय नंतर, हा या आजाराचा सर्वांत घातक गुण आहे, कारण लक्षणे पाहून नर बाद करण्याचा पारंपरिक उपाय त्यामुळे नेहमीच उशिरा पडतो.

लक्षणे उघड झाल्यानंतरही निदान सरळ होत नाही. या प्रदेशात पावसाळ्यात व त्यानंतर गोचीडतापाचे प्रमाण मोठे असते आणि त्यातील अर्लिकिया या जंतूमुळे डोळ्यांत दाह व रक्तस्राव होऊ शकतो. मधुमेहामुळे मोतीबिंदू झपाट्याने वाढतो. काचबिंदूने नजर जाते. खरुजेसाठी दिलेल्या इव्हरमेक्टिनची मात्रा अधिक झाल्यास तात्पुरते अंधत्व येऊ शकते. आणि अल्पावधीत पूर्ण अंधत्व आणणारा सार्ड्स नावाचा, दृष्टिपटलाचाच परंतु आनुवंशिक न मानला जाणारा आजारही आहे. त्यामुळे पीआरएच्या रुग्णावर आधी गोचीडतापाचे उपचार होतात, आणि पुढे दृष्टिपटलाच्या ऱ्हासातून दुय्यम मोतीबिंदू तयार झाला की तोच मूळ आजार समजून शस्त्रक्रियेचा विचार सुरू होतो. मोतीबिंदू काढूनही दृष्टिपटलच मृत असेल तर नजर येत नाही, म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी इलेक्ट्रोरेटिनोग्राफी, म्हणजे प्रकाशाला दृष्टिपटलाने दिलेल्या विद्युत प्रतिसादाचे मोजमाप, करून घेण्याचा आग्रह प्रत्येक पालकाने धरला पाहिजे.

कायद्याकडून या बाबतीत मर्यादित संरक्षण मिळते. श्वान प्रजनन व विक्रीविषयीचे केंद्रीय नियम २०१७ साली लागू झाले. त्यांनुसार ब्रीडरला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, अठरा महिन्यांपेक्षा लहान मादीपासून पैदास करता येत नाही, आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. महापालिकांची पाळीव कुत्र्यांची नोंदणी प्रामुख्याने रेबीजच्या लसीकरणावर बेतलेली आहे. या कोणत्याही व्यवस्थेत आनुवंशिक अंधत्वाच्या चाचणीची अट नसल्यामुळे ती जबाबदारी पैदास करणाऱ्यावर आणि तितकीच विकत घेणाऱ्यावर येऊन पडते.

चाचणी कोणाची आणि कशी

चाचणी प्रथम करावी ती पैदाशीसाठी वापरायच्या नराची व मादीची. मादी माजावर आल्यावर नमुना पाठवणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय. अहवाल हाती येईपर्यंत योग्य दिवस निघून जातात आणि मग चाचणीवाचूनच जोडी लावण्याचा मोह आवरत नाही. म्हणून मादीच्या दोन माजांमधील निवांत काळात नमुना घ्यावा. जनुके आयुष्यभर बदलत नसल्याने ही चाचणी एकदाच पुरते, आणि ती कोणत्याही वयात करता येते.

नमुना गालाच्या आतील बाजूवर कापसाची काडी घासून किंवा पशुवैद्याकडून थोडे रक्त काढून घेतला जातो. रक्तासाठी गोठण रोखणारे रसायन असलेली, बहुधा जांभळ्या बुचाची नळी वापरतात. गालाचा नमुना घेण्यापूर्वी काही काळ कुत्र्याला खायला देऊ नये, आणि दूध पिणाऱ्या पिल्लाचा नमुना घ्यायचा असल्यास त्याला आधी आईपासून वेगळे ठेवावे, कारण तोंडात राहिलेल्या आईच्या पेशींमुळे निष्कर्ष चुकू शकतो. काडी हवेत पूर्ण वाळवूनच पाकिटात घालावी. दिल्लीच्या दमट ऑगस्टमध्ये ओली काडी प्लॅस्टिकमध्ये बंद केली तर तिच्यावर बुरशी धरते आणि नमुना वाया जातो. शक्यतो पशुवैद्याने कुत्र्याच्या मायक्रोचिपचा क्रमांक स्वतः वाचून तो नमुन्याच्या अर्जावर लिहावा, कारण ज्या अहवालावर चिपचा क्रमांक नाही तो नेमक्या याच कुत्र्याचा आहे हे पुढे सिद्ध करता येत नाही.

कोणती चाचणी मागवायची हे जातीनुसार ठरते, आणि येथेच पुष्कळांची चूक होते. लॅब्रेडॉरसाठी पीआरसीडीची चाचणी मूलभूत आहे. गोल्डन रिट्रीव्हरमध्ये पीआरसीडीखेरीज २०११ साली सापडलेला एसएलसी४ए३ जनुकातील आणि २०१४ साली सापडलेला टीटीसी८ जनुकातील असे आणखी दोन दोष आहेत. तेव्हा त्या जातीत एकाच चाचणीवर समाधान मानणे अपुरे ठरते. सायबेरियन हस्कीमध्ये एक रूप एक्स गुणसूत्रावरून उतरते, त्यामुळे वाहक मादीच्या नर पिल्लांपैकी सुमारे निम्म्यांना आजाराचा धोका असतो आणि तेथे आईची चाचणी अधिक निर्णायक ठरते. डॅक्सहुंडमधील एका दोषाच्या बाबतीत तर दोन्ही प्रती सदोष असूनही सर्वच कुत्री आंधळी होत नाहीत, कारण इतर जनुकांचाही तेथे प्रभाव पडतो.

अहवालाचा अर्थ आणि त्यानंतरचा निर्णय

अहवालात तीनपैकी एक निष्कर्ष येतो: निर्दोष, वाहक किंवा बाधित. निर्दोष म्हणजे तपासलेला विशिष्ट दोष नाही. डोळ्यांचा कोणताच आजार होणार नाही असा त्याचा अर्थ नसल्याने पैदाशीच्या कुत्र्यांची नेत्रतपासणी दरवर्षी चालू ठेवावी लागते. बाधित म्हणजे दोन्ही प्रती सदोष; असा कुत्रा आज उत्तम पाहत असला तरी पुढे त्याची नजर जाण्याची दाट शक्यता असते, म्हणून त्याचे निर्बीजीकरण करून त्याला पैदाशीतून बाजूला ठेवणे हेच हौशी पालकाला शोभणारे आहे.

वाहकाविषयी मात्र संयमाने विचार करावा लागतो, कारण ‘वाहक’ हा शब्द वाचताच अनेक जण त्या कुत्र्याला कायमचा बाद करतात. निर्दोष जोडीदाराबरोबर वाहकाची जोडी लावली तर एकही पिल्लू बाधित निघत नाही. सुमारे निम्मी पिल्ले वाहक असतात आणि त्यांची चाचणी करून पुढील पिढीसाठी निर्दोष पिल्लू निवडता येते. सर्व वाहक एकदम काढून टाकले तर जातीतील जनुकांची विविधता आटते, उरलेल्या मोजक्या नरांवरच पैदास चालते आणि त्यांच्यात दडलेले दुसरे दोष उफाळून येतात. म्हणून नियम इतकाच आहे, की प्रत्येक जोडीत किमान एक जोडीदार चाचणीने निर्दोष ठरलेला असावा.

ज्या कुटुंबाचा नर बाधित निघाला आणि ज्याची पिल्ले आधीच वाटली गेली आहेत, त्या कुटुंबापुढील कर्तव्य अवघड असले तरी नि:संदिग्ध आहे. अशा नराचे प्रत्येक पिल्लू किमान वाहक असतेच, आणि मादी वाहक असेल तर निम्म्या पिल्लांना आजाराचा धोका असतो; तेव्हा मादीच्या मालकाला आणि पिल्ले नेलेल्या प्रत्येक घराला अहवालाची प्रत देऊन चाचणी करण्यास सांगितले पाहिजे. बदनामीच्या भीतीने हे झाकले तर तीच पिल्ले दोन वर्षांनी स्टड म्हणून किंवा माद्या म्हणून वापरली जातात आणि एका घरातील दुर्दैव दहा घरांत पोहोचते.

चाचणी नव्हती तेव्हाही काही पैदासकारांनी हे कर्तव्य मोठी किंमत मोजून पार पाडले, हे येथे नमूद करणे उचित होईल. आयरिश सेटर जातीत हा आजार बळावला असता ब्रिटनमध्ये १९४० च्या दशकात संशयित कुत्र्याची जोडी मुद्दाम आंधळ्या कुत्र्याशी लावून, पिल्ले आंधळी निघतात का हे पाहून, वाहक ओळखले जात. त्या जातीतील दोष पीडीई६बी या जनुकात असल्याचे १९९३ साली कळल्यावर ही क्रूर पद्धत अनावश्यक झाली. जे ज्ञान तेव्हा आंधळी पिल्ले जन्माला घालून मिळवावे लागत होते, ते आज कापसाच्या एका काडीवर मिळते.

बाधित कुत्र्याचा सांभाळ

निदानानंतर पालक हताश होऊन जो सांगेल तो उपाय करू लागतात. ब्रियार्ड जातीच्या जन्मांध कुत्र्यांना २००१ साली जनुकोपचाराने दृष्टी मिळाली आणि त्याच वाटेने पुढे २०१७ साली मानवी रुग्णांसाठीचे औषध अमेरिकेत मंजूर झाले, हे खरे आहे. परंतु तो उपचार आरपीई६५ या निराळ्या जनुकावरील असून पीआरसीडीच्या रुग्णाला त्याचा उपयोग नाही, आणि थेंब किंवा गोळ्या देऊन हा ऱ्हास थांबवण्याची हमी देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

त्याऐवजी घराची रचना स्थिर ठेवावी, पाण्याचे भांडे व अंथरूण यांची जागा बदलू नये, जिन्याला अडसर आणि बाल्कनीला भक्कम जाळी लावावी, आणि नजर शाबूत असतानाच ‘थांब’, ‘पायरी’, ‘वर’, ‘खाली’ असे ठरावीक शब्द शिकवावेत. रस्त्यावरील कुत्र्यांचे हावभाव आंधळ्या कुत्र्याला वाचता येत नसल्याने त्याला या शहरांत कधीही मोकळे सोडू नये. ऱ्हास सावकाश होत असल्यामुळे बहुतेक कुत्री नाक आणि कान यांच्या आधाराने उत्तम जुळवून घेतात व समाधानाने जगतात. आंधळा झाला म्हणून कुत्रा रस्त्यावर सोडून देणे अमानुष आहेच, शिवाय १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार तो गुन्हाही ठरतो.

पालकांनी धरावयाचा आग्रह

पिल्लू घेणाऱ्याने वंशावळीच्या कागदाबरोबर आईवडिलांच्या चाचणीचे, मायक्रोचिपच्या क्रमांकासह असलेले, मूळ अहवाल मागावेत आणि तो क्रमांक समोरच्या कुत्र्याशी ताडून पाहावा. आईवडील दोघेही निर्दोष असल्याने पिल्लाची चाचणी लागत नाही, हे म्हणणे जनुकशास्त्राच्या दृष्टीने बरोबर आहे, परंतु ते मातृत्व-पितृत्वाची खात्री असेल तेव्हाच टिकते. म्हणून काही पिढ्यांनंतर पुन्हा चाचणी करणे हिताचे असते. मादीच्या मालकाने नराचा अहवाल पाहिल्याशिवाय जोडी लावू नये, नराच्या मालकाने मादीचा अहवाल आल्याशिवाय होकार देऊ नये, आणि पशुवैद्यांनी पैदाशीपूर्वीच्या तपासणीत लसीकरणाइतक्याच सहजतेने हा प्रश्न विचारावा. अहवाल दाखवण्यास जो ब्रीडर टाळाटाळ करतो त्याच्याकडचे पिल्लू कितीही गोजिरवाणे असले तरी परत फिरावे, कारण दिल्लीच्या बाजारात अहवालाला मागणी निर्माण झाली तरच अहवाल तयार होतील, आणि ती मागणी निर्माण करण्याचे सामर्थ्य पिल्लू विकत घेणाऱ्या सामान्य कुटुंबाकडेच आहे.